कुलपाला खाचराचं नाव

रघुनाथने गावाला फसवलं आणि आळ आला सुलभाताईंवर. रघुनाथ माझा चुलतभाऊ आहे. माझी आई लवकर गेली, त्याच्या आईने मला वाढवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला ते ऐकवायला नको. आणि कोणी म्हणेल की हा बबन जमिनीचा दलाल, याने काय सचोटीच्या गोष्टी सांगाव्यात, तर तेही खरं आहे. भिवंडीच्या तबेल्यांना पेंढा विकण्यापासून मी सुरुवात केली, पुढे विटा विकल्या, मग जमिनी. घासाघीस करून जगलो आणि आवाज चढवून मोठा झालो. पण डोळखांबच्या रस्त्यावर आजही कोणी 'ती मुरबाडची टायपिंगवाली, तिनेच विकलं गावाला' असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणून ती बाई कशी होती ते लिहितो.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत. मुरबाडच्या एसटी स्टँडमागे पत्र्याच्या एका खोलीत तिचा टायपिंगचा क्लास होता. सात मशीन, त्यातली चार मराठी. मुलंमुली खडखडखडखड करत बसलेली आणि ही दाराजवळ, पाठ भिंतीला लावून. पाठीला भिंत असल्याशिवाय ती कधी बसलीच नाही. हॉटेलात गेली तरी आधी भिंत शोधायची. तिशीच्या पुढची, उभ्या बांध्याची, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना काळा गोफ बांधलेला. लग्न झालं होतं, दोन वर्षांत परत आली होती. त्याबद्दल तिने कधी काही सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

क्लास सुटल्यावर ती लोकांचे कागद टाइप करून द्यायची. साठेखतं, प्रतिज्ञापत्रं, कोर्टाचे अर्ज. माझं एक साठेखत टाइप करायला टाकलं होतं, ते घ्यायला गेलो. टेबलाखाली टोपलीत वापरलेल्या कार्बन पेपरांचा ढीग होता. मुरबाड तालुक्यात कोण कोणाला काय विकतो, ते सगळं त्या टोपलीत. माझी नजर तिथेच अडकली.

"ताई, हे जुने कार्बन काय करता?"

"जाळते."

"जाळता कशाला? मला द्या. आमच्या गावच्या शाळेत पोरांना नकाशे काढायला होतील."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कितवीपर्यंत हाय शाळा?"

"चौथी."

"चौथीची पोरं कार्बनने नकाशे काढतात? बबनराव, कार्बन उजेडाला धरला की काय काय वाचता येतं ते मला तुमच्याआधी ठाऊक हाय. तुमच्या साठेखताचा कार्बन पण ह्याच टोपलीत पडलाय. देऊ का तो कोणाला, नकाशे काढायला?"

क्लासातली सगळी मशीन एकदम थांबली. मी तावातावाने कागद उचलले, टाइपची रक्कम टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. पुन्हा या बाईचं तोंड बघणार नाही, असं स्टँडपर्यंत मोठ्याने बोलत गेलो. पुढच्या आठवड्यात परत तिच्याच दारात उभा होतो, कारण माझे स्वतःचे कागद टाकायला दुसरी भरवशाची जागा मला तालुक्यात सापडली नाही. मी आलेला पाहून ती हसली नाही. "हात पुसून बसा," एवढंच म्हणाली. हे ती प्रत्येकालाच म्हणायची. वकिलालाही.

पुढे कॉम्प्युटर आले. टायपिंग शिकायला कोणी येईना. तिने सहा मशीन भंगारात घातली, एक ठेवलं, आणि डोंबिवलीच्या कुठल्याशा ऑफिसातून वापरलेला लॅपटॉप आणला. काळं, जाडजूड धूड, मांडीवर घेतलं की पाय बधिर व्हायचे. आता लोकांनी तिच्याकडे यायची गरज उरली नाही, तीच गावोगाव जायची. मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर. लोकांच्या वंशावळी, फेरफार, वाटणीचे तक्ते, सगळं त्या धुडात.

आणि ते धूड ती बोंबलांच्या पिशवीतून न्यायची.

खोटं वाटेल, पण मी हजार वेळा ती पिशवी पाहिली आहे, हुंगलीही आहे. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकमध्ये, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा, मग बाजाराची मेणकापडी पिशवी आणि वर सुक्या बोंबलांच्या दोन जुड्या. चांगली काळी बॅग मिळाली होती तिला लॅपटॉपबरोबर. ती तिने भाचीला दिली. "ती बॅग बघितली की कोण पण सांगेल आत काय हाय. बोंबलाच्या पिशवीला कोण हात लावतो?"

एकदा मुरबाडहून शहापूरला आम्ही एकाच एसटीत होतो. गाडी भरलेली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून तिच्यापाशी आला.

"बाई, ती मच्छी वर ठेवा. लोकांना वास येतोय."

"वर नाय ठेवणार."

"मग खाली सीटखाली सरकवा."

"खाली पण नाय. मांडीवरच बसणार ते."

"अहो, मग त्यांचं पण तिकीट काढा!"

"काढते की. अर्धं का पूर्ण?"

गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. ती मात्र हसली नव्हती. तिचा डावा हात पिशवीच्या बंदात मनगटापर्यंत अडकवलेला होता आणि अंगठा सारखा हलत होता. प्रवासात तिला चैन म्हणून नसायचं. गाडी थांबली की दाराकडे बघायची, कोण चढलं, कोण उतरलं. घरून निघाली की पोचेपर्यंत पाणी पीत नसे, कारण पाणी प्यायलं की मध्ये उतरावं लागतं आणि उतरलं की पिशवी कोणाच्या तरी हातात द्यावी लागते. मी एकदा म्हणालो, "द्या की माझ्याकडे, मी काय पळवणार आहे?"

"तुमी नाय पळवणार," ती म्हणाली. "तुमी वाचाल."

रागावण्यासारखं होतं, पण रागावून काय उपयोग? वाचलंच असतं मी.

शहापूरच्या स्टँडवर तिच्या शेजारी टेकलेल्या एका कापडवाल्याची नवी कोरी बॅग दिवसाढवळ्या उचलली गेली होती. हिची पिशवी वीतभर अंतरावर, तिला कोणी शिवलं नाही. त्यानंतर महिनाभर ती मला भेटेल तिथे ही गोष्ट सांगायची. आनंदाने नव्हे, घाबरून. "वीतभर, बबनराव. वीतभर." आणि त्या दिवसापासून तिने प्रत्येक फाईलला वेगळं कुलूप घालायला सुरुवात केली. आख्खं मशीन गेलं तरी आतलं माणूस उघडं पडू नये, असं ती म्हणायची. फाईलीला ती माणूसच म्हणायची. "किन्हवलीचं माणूस आज पुरं केलं." "सरळगावचं माणूस अर्धं राहिलंय."

आता आमच्या गावाची गोष्ट.

डोळखांबच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत आमची एकोणतीस घरं. वरच्या बाजूला माळ आणि माळाच्या खालच्या टोकाला एक बारमाही झरा. एप्रिल-मे मध्ये आजूबाजूच्या पाड्यांच्या विहिरी तळाला जातात, तेव्हा आमच्या बायका त्या झऱ्यावर भरतात. मुंबईचा एक शेठ माळावर बंगल्यांचे प्लॉट पाडायला बघत होता. गावाने मला बोलणी करायला सांगितलं. ठरलं होतं असं की माळ द्यायचा तर सगळ्यांनी एकत्र द्यायचा, एका दिवशी, एका सहीने, आणि झऱ्याची जमीन सोडून. शेठचा माणूस बाकी सगळं मान्य करायचा, फक्त झऱ्यापाशी आला की अडायचा. पाण्याशिवाय त्याच्या बंगल्यांना काय किंमत? आणि पाणी गेल्यावर आमच्या गावाला तरी काय किंमत?

मी सुलभाताईंना बोलावलं. एकोणतीस घरांची वंशावळ काढायची, कुठे वारस राहिलाय, कुठे बहिणीचं नाव लागलं नाही, ते शोधायचं. कारण शेठसारखी माणसं तिथूनच घुसतात. एकत्र जमिनीतला एक विसरलेला वारस धरायचा, त्याचा हिस्सा लिहून घ्यायचा आणि मग आख्ख्या जमिनीत पाय रोवायचा. तेव्हा आमची भोकं आम्हाला आधी ठाऊक हवीत आणि दुसऱ्या कोणाला ठाऊक होता कामा नयेत.

ती घरोघर बसली. तिची पद्धत अशी की घरातल्या सगळ्यांना बाहेर घालवायचं, फक्त म्हातारं माणूस आत. सगळं लिहून झालं की विचारायचं, "तुमच्या एका खाचराचं नाव सांगा."

आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं. कुठे चिंचेचं, कुठे भांडणाचं, कुठे कोणा मेलेल्या बैलाचं. हे तिला फार आवडलं होतं. मला म्हणाली, "सातबारावर सर्व्हे नंबर असतो, नाव नसतं. तलाठ्याला ठाऊक नाय, तहसीलदाराला नाय, शेठला तर मेला तरी नाय. घरच्या माणसालाच ठाऊक. ह्याच्यापेक्षा चांगलं कुलूप कुठलं?" आणि ते नाव ती टाइप करायची ती मराठी टाइपरायटरच्या बोटांनी. म्हणजे बटणावर अक्षर इंग्रजी, बोट पडायचं मराठी मशीनवर पडावं तसं. पडद्यावर नुसते ठिपके. "नाव कळलं तरी बोटं कुठून आणणार?" असं म्हणून त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

झऱ्याची जमीन चांगुणाआजीची. सत्तरी ओलांडलेली, एकटी. मुलगा भिवंडीला गोदामात. तिच्याकडे सुलभाताई दोन वेळा जाऊन आली आणि दुसऱ्या वेळी संध्याकाळी मला म्हणाली, "बबनराव, हितं एक माणूस हाय जे गावाला मेलेलं वाटतंय."

चांगुणाआजी ही नवऱ्याची दुसरी बायको. पहिली बाळंतपणाला सिद्धगडाच्या पायथ्याला माहेरी गेली आणि तिथेच गेली. पोरही गेलं, असंच गावाला सांगितलं होतं. पण पोर जगलं होतं, मुलगी होती. मामाने वाढवलं, तिकडेच लग्न करून दिलं. नवऱ्याने मरताना हे चांगुणाआजीला सांगितलं आणि तिने पोटात ठेवलं. सुलभाताईला का सांगितलं? मी आजीला पुढे विचारलं होतं. ती म्हणाली, "ती लिवताना माज्याकडं बघत नव्हती रे. मशीनकडं बघत होती. मंग सांगितलं."

सुलभाताईचं म्हणणं होतं की त्या बाईला आपण आधी जाऊन भेटायचं. "तिचा हक्क हाय. आजीला घेऊन जा, माफी मागायला लावा, गावच्या लेकीसारखं वागवा, आणि झरा ठेवायचा म्हणून तिच्याकडून लिहून घ्या. आठ दिवसांत जा." मी म्हणालो, आधी भाताची झोडणी होऊ दे. शेठच्या माणसाबरोबर माझी रस्त्याच्या रुंदीवरून घासाघीस चालली होती आणि मला त्यात मजा येत होती. आठ दिवसांचे वीस झाले.

त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंग दिवसाला बारा-बारा तास. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तासाभरात मान टाकायची. गावात जनरेटर एकच, रघुनाथच्या पोल्ट्रीवर. म्हणून सुलभाताई तिथे चार्जिंगला जायची. रघुनाथ तिचाच विद्यार्थी. मुरबाडला तिच्या क्लासात मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेला, तिचा लाडका. तिथेही ती मशीन सोडून हलायची नाही. कोंबड्यांच्या कलकलाटात दोन-दोन तास स्टुलावर, पाठीला भिंत, मांडीवर सूप घेऊन रघुनाथच्या आईचे तांदूळ निवडत. काकी म्हणायची, "सुलभे, चा तरी घ्यायला ये गो घरात." ती म्हणायची, "हितं धाडा काकी, मी हितंच बरी."

एकाच दिवशी उठली. माझ्यामुळे.

दुपारची वेळ. शेठचा माणूस कराराचा मसुदा घेऊन आला होता आणि शाळेच्या पडवीत गाव जमलं होतं. मसुद्यात एक ओळ मला खटकली. ती वाचायला सुलभाताई हवी होती. निरोप धाडला, आली नाही. 'चार्जिंग पुरं झालं की येते.' शेठचा माणूस घड्याळ बघायला लागला. मी स्वतः पोल्ट्रीवर गेलो आणि तिच्यावर ओरडलो.

"आख्खा गाव तिकडे तुमची वाट बघतोय आणि तुम्ही इथे कोंबड्या राखत बसलाय!"

"मशीन काढून घेते, मग येते."

"राहू द्या ते मशीन! बॅटरी भरू दे. कुलपं घातलीत ना एवढी? कोंबड्या काय वाचणार आहेत?"

रघुनाथ तिथेच खाद्याची पोती मोजत होता. तो म्हणाला, "जावा बाई, मी हाय की हितं."

तिने फाईल बंद केली, झाकण मिटलं. दारापर्यंत गेली, परत आली, झाकणावर लुगड्याचा तुकडा टाकला. मग आली. पाऊण तास ती आमच्याबरोबर पडवीत होती. तिने ती ओळ वाचली, दोष दाखवला, शेठच्या माणसाला दोन शब्दांत गप्प केलं. मला फार बरं वाटलं. ती मात्र बसली नव्हती, उभीच होती, आणि वाचून झालं तशी चपला हातात घेऊन पळत गेली.

महिन्याभराने सिद्धगडाखालच्या त्या बाईने वारस म्हणून अर्ज केला. तिला तिकडे घरी जाऊन सगळं कोणीतरी सांगितलं होतं, कागदही तयार करून दिले होते. नाव लागताच तिने आपला हिस्सा शेठला लिहून दिला. तिला मी दोष देत नाही. तिच्या घरी पहिला माणूस शेठचा पोचला, आम्ही पोचलो नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत झऱ्याभोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार उभी राहिली. कोर्टात काय चाललंय ते चालू द्या. बायका आज अर्धा कोस लांबून पाणी आणतात.

पडवीत पुन्हा गाव जमलं. सुलभाताईला बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली. पिशवी घेऊन. एक जण सरळ म्हणाला, "बाय, ते नाव आजीला म्हाईत आणि तुला. आजी काय शेठकडं गेली नाय." मलाही ठाऊक होतं, पण माझं नाव कोणी घेतलं नाही.

"नाय गेली," ती म्हणाली.

"मंग कोण गेलं?"

"तुझ्या पिशवीचा वास आला आमाला, पण आतलं काय सडलंय ते आता कळलं," दुसरा म्हणाला. काही लोक हसले. मी ओरडलो, त्याची गचांडी धरायला गेलो. तिने हाताने मला थांबवलं आणि गावाला एकच प्रश्न विचारला.

"चांगुणाआजीच्या म्हसलोळीचं नाव कोणाकोणाला ठाऊक हाय? हात वर करा."

म्हसलोळी म्हणजे आजीचं खालचं खाचर, म्हशी लोळायच्या म्हणून; आजीच्या फाईलचं कुलूप तेच होतं. लोकांना प्रश्नच कळला नाही. म्हसलोळी कोणाला ठाऊक नाही? सगळ्यांनी हात वर केले. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, मीही. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच तिथे खेकडे धरले होते.

तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती मुरबाडच्या बाजारपेठेत वाढलेली. खाचराचं नाव घरातल्या घरात राहतं, असं तिला वाटलं होतं. सरकारला ठाऊक नाही म्हणजे ते गुपित, असा तिचा हिशेब. गावात तर एकमेकांच्या खाचरांची नावं एकमेकांच्या पोरांच्या नावांसारखी पाठ असतात. आणि आम्ही एकोणतीस घरांनी तिला नावं सांगितली, पण एकानेही म्हटलं नाही की ताई, हे काय कुलूप नव्हे. मीही नाही. मला सुचलंच नाही. आम्ही शेठपासून लपवत होतो. आपल्यातलाच कोणी उघडेल, हे डोक्यात कोणाच्या येणार?

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस ती घरोघर फिरली. प्रत्येक घरात मशीन उघडायची, त्या घराची फाईल दाखवायची आणि म्हाताऱ्या माणसाचं बोट धरून बटणावर ठेवायची. "दाबा. तुमचं माणूस तुमीच पुसा." मी बरोबर होतो. काही जणांनी दार लावून घेतलं. त्यांच्या ओट्यावर बसून राहिली, दार उघडेपर्यंत.

चांगुणाआजीने बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यानं तार निघंल का गो?"

"नाय आजी. फक्त हितलं जाईल."

"मंग ऱ्हावू दे की."

"नको. दाबा."

शेवटचं घर रघुनाथचं. त्याचाही माळात हिस्सा होता, त्याचीही फाईल होती. काकी चुलीपाशी, मी दारात. सुलभाताईने मशीन त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"रघुनाथ, तुझं कुलूप तूच काढ. नाव ठाऊक हाय ना?"

"बाई, मला कुठं येतंय आता..."

"परीक्षेत पहिला आलेलास. मार."

त्याने बोटं ठेवली. आणि मान वर करून, बटणांकडे न बघता, खडाखड एका दमात नाव मारलं. फाईल उघडली. रघुनाथचा हात तसाच वर राहिला. आपण काय केलं ते त्याला उशिरा कळलं. गावात एकोणतीस घरं आणि सगळ्यांना सगळी खाचरं पाठ. पण मराठी मशीनची बोटं एकाचीच.

"छान," ती म्हणाली. "विसरला नायस."

काकीने चुलीपासून विचारलं, "काय झालं गो?"

"काय नाय काकी. पोरगा हुशार हाय तुमचा."

रस्त्यावर आल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढून मला दाखवला. पडवीत यायच्याही आधी तिने त्यावर एक गोष्ट उतरवून घेतली होती. आजीची फाईल शेवटची उघडल्याचा दिवस आणि वेळ. तो दिवस मसुद्याचा. ती वेळ आमच्या पडवीतल्या पाऊण तासाच्या बरोबर मध्ये. आजीची खाचरं तीन. फार तर तीन वेळा मारलं की उघडतं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं? पडवीत का नाही बोललात?"

"मी बोलले तर बाहेरची बाई घरच्यावर ढकलते म्हणतील. तुमी सांगा. तुमचा भाऊ हाय, तुमच्या तोंडून पटेल." तो कागद तिने माझ्या हातात दिला.

मी सांगितलं नाही. झऱ्याच्या खांबांचं आणि तारेचं काम रघुनाथला मिळालं तेव्हाही नाही. पोल्ट्रीची दुसरी शेड उभी राहिली तेव्हाही नाही. काकी जिवंत होती. तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो, तिच्यासमोर तिच्या मुलाला उभा कसा करू? मी शेठच्या माणसाला शिव्या दिल्या, तलाठ्याला दिल्या, रस्त्यात दिसेल त्याच्याशी भांडलो. एका माणसाशी भांडलो नाही.

सुलभाताईचं काम सुटलं. असलं बोलणं एसटीपेक्षा आधी गावोगाव पोचतं. किन्हवलीने बोलावणं थांबवलं, मग सरळगावने, मग मुरबाडनेही. शेवटची दिसली ती किन्हवलीच्या स्टँडवर. मी जीपमध्ये, ती मुरबाडच्या गाडीत खिडकीला. मांडीवर काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे आणि त्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. एकदा पदर धरायची, एकदा खिडकीचा गज, परत पदर. मी उतरून खिडकीपाशी गेलो.

"ताई, मशीन?"

"दिलं इकून. सांगितलंत का?"

"सांगतो."

"बरं," ती म्हणाली. कोणाकडून तरी उसन्या घेतलेल्या बाटलीतून पाणी प्यायली, चांगली अर्धी बाटली. गाडी सुटली. मुरबाडची खोली आता बंद आहे. भाचीकडे राहायला गेली असं म्हणतात, कुठे ते कोणी सांगत नाही. मला सांगायला मी त्यांचा कोण लागतो?

काकी गेल्या वर्षी गेली. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, आता मला गप्प बसायला कोणतंही निमित्त उरलेलं नाही. तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर दिवस आहे, वेळ आहे. मी आठ दिवसांत गेलो नाही आणि तिला मशीनपासून उठवलं, ते माझं. त्याचा जाब मी देईन, ज्याला विचारायचा त्याने विचारावा. पण बाकीचा जाब माझा नाही.

रघुनाथ, हे तू वाचशील. मशीनवर बोटं चालवायला तुला त्याच बाईने शिकवलंय. येत्या रविवारी शाळेच्या पडवीत ये. चांगुणाआजीला मी खांद्यावर उचलून आणीन. तिच्यासमोर उभा राहा आणि सांग, त्या पाऊण तासात स्टुलावर कोण बसलं होतं.